गणपतीत भाऊ जमणार आहेत. जुने गेम पुन्हा विकत घेऊ का?

पत्र

ताई, मी देवगड तालुक्यातला. वय ३७. थोडी हापूसची कलमं आहेत आणि बाजारात इलेक्ट्रिक सामानाचं छोटं दुकान. लहानपणी टीव्हीला कॅसेटवाला गेम लावून कॉन्ट्रा, मारिओ खेळलो. कॉलेजात असताना कणकवलीच्या सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून व्हाइस सिटी आणि एज ऑफ एम्पायर्स. यंदा पहिल्यांदाच स्वतःचा लॅपटॉप घेतला आणि बघतो तर ते सगळे गेम स्टीम या ऑनलाइन दुकानात नव्या रूपात विकायला आहेत. व्हाइस सिटी ज्यात आहे ती जीटीएची ट्रिलॉजी, एज ऑफ एम्पायर्स टूची डेफिनिटिव्ह एडिशन, कॉन्ट्राचा संच. बायको म्हणते, खेळून झालेला खेळ परत विकत कशाला? मुंबईचा चुलतभाऊ फोनवर म्हणतो, ‘पैशे कित्याक घालवतंस, पेन ड्राइव्हात घालून हाडतंय.’ गणपतीत तो आणि आणखी दोघे भाऊ घरी येणार. मुलगा दहा वर्षांचा आहे, त्यालाही दाखवायचंय आपण काय खेळायचो ते. हंगाम आटोपला, आंब्याचे पैसे बेताचेच आले. घेऊ की नको?

— देवगडचा एक वाचक

उत्तर

उत्तर आधी सांगते, कारणं मग. एज ऑफ एम्पायर्स टू बिनधास्त घ्या. कॉन्ट्राचा संचही घ्या, पण सेल लागल्यावर. जीटीएची ट्रिलॉजी पूर्ण किमतीला घेऊ नका, आणि घेतलीत तरी मुलासमोर लावू नका. भावाचा पेन ड्राइव्ह नव्या लॅपटॉपला लावू नका, त्याला राग आला तरी चालेल.

वहिनींचा प्रश्न मला फार आवडला, कारण सगळा व्यवहार त्याच प्रश्नावर उभा आहे. खेळून झालेला खेळ परत का विकत घ्यायचा? मधल्या काळात कुणीतरी त्या खेळावर मन लावून काम केलं असेल, तर त्या कामाचे पैसे द्यायचे. काम झालंच नसेल, नुसतं जुनं नाव पुढे करून पैसे मागत असतील, तर द्यायचे नाहीत. कणकवलीच्या त्या कॅफेतल्या दुपारी तुमच्या आणि तुमच्या भावांच्या आहेत. त्या कुठल्याही कंपनीने बनवलेल्या नाहीत, त्यामुळे त्यांची किंमत कंपनीला द्यायचं कारण नाही.

आता काम म्हणजे नक्की काय, हे समजून घेतलं तर कुठलाही संच समोर आला तरी तुम्हाला स्वतःच ठरवता येईल.

समजा तुमच्याकडे त्या वेळची अस्सल सीडी आहे. आपल्या खाऱ्या दमट हवेत एवढी वर्षं ती बुरशीचे डाग न पडता टिकली, असंही समजू. तरी नव्या लॅपटॉपला बहुतेक वेळा सीडी घालायला जागाच नसते. बाहेरचा ड्राइव्ह जोडलात तर पुढची अडचण विंडोजची. त्या काळच्या कितीतरी गेमच्या सीडींवर नक्कल होऊ नये म्हणून सेफडिस्क नावाचं कुलूप असायचं. ते कुलूप उघडणारा भाग सुरक्षेला धोका म्हणून मायक्रोसॉफ्टने २०१५ साली आलेल्या विंडोज १० मध्ये चालवायचंच बंद केलं. म्हणजे ज्याने प्रामाणिकपणे पैसे मोजून सीडी घेतली, त्याचाच गेम आज सुरू होत नाही. मग पडद्याचा प्रश्न. तेव्हाचे मॉनिटर जवळजवळ चौकोनी, आताचे आडवे रुंद; जुनं चित्र त्यावर ताणलं की सगळी माणसं जाडी दिसतात. आणि वरून न दिसणारा एक प्रश्न वेगाचा. काही जुन्या खेळांचं आतलं गणित सेकंदाला किती चित्रं दाखवायची यावर बांधलेलं असतं. जीटीए सॅन अँड्रियास ३० चित्रांच्या हिशोबाने केलेला आहे. ते बंधन काढलं तर त्यात पोहण्यासारख्या साध्या हालचालीसुद्धा बिघडतात.

हे सगळं नीट बसवणं हे कष्टाचं काम आहे, आणि त्याला पैसे पडले तर मला गैर वाटत नाही. दुकानात मात्र तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच थाटात मांडलेल्या असतात. एक म्हणजे जुना गेम जसाच्या तसा, फक्त आजच्या मशीनवर चालेल असा केलेला. दुसरी, रीमास्टर: सांगाडा जुनाच, चित्रं-आवाज घासूनपुसून नवे. तिसरी, रीमेक: गोष्ट तीच, पण गेम पायापासून पुन्हा बांधलेला. २००२ सालचा माफिया २०२० मध्ये असा पुन्हा बांधला, १९९८ चा रेसिडेंट ईव्हिल टू २०१९ मध्ये. रीमेक हा जवळजवळ नवाच गेम असतो, त्याला नव्या गेमची किंमत शोभते. खरी फसगत होते ती दुसऱ्या प्रकारात, कारण घासताना काय पुसलं गेलं ते विकत घेईपर्यंत कळत नाही.

जीटीए ट्रिलॉजी हे त्याचंच उदाहरण. तुमचा जीव त्या व्हाइस सिटीत अडकलाय, म्हणून जरा सविस्तर सांगते.

११ नोव्हेंबर २०२१ ला हा संच आला. त्यात २००१ चा जीटीए थ्री, २००२ चा व्हाइस सिटी आणि २००४ चा सॅन अँड्रियास. काम ग्रोव्ह स्ट्रीट गेम्स या स्टुडिओकडे दिलेलं, ज्यांनी आधी याच खेळांच्या मोबाइल आवृत्त्या केल्या होत्या. खेळातली हजारो चित्रं, दुकानांच्या पाट्या, भिंती, कपडे, ही मोठी आणि रेखीव करायला संगणकी बुद्धिमत्तेचा वापर झाला, आणि तिला त्या चित्रांचा अर्थ कळत नव्हता. एका डोनटच्या दुकानावर बोल्टाला लावतात तसा भला मोठा षटकोनी नट बसवलेला होता, दुकानाच्या नावावरून केलेली गंमत. नव्या आवृत्तीत त्याचे कोपरे घासले जाऊन तो गोल झाला. कुणा चित्रकाराने एकदा लक्ष देऊन बघितलं असतं तर हे झालंच नसतं. पाट्यांवरची अक्षरं चुकली, ओळखीच्या पात्रांचे चेहरे मेणाचे झाले. आणि पाऊस! पडद्यावर पांढऱ्या रेघोट्या ओढाव्यात तसा पाऊस, ज्याच्यापलीकडचा रस्ता दिसेना. आषाढात देवगड-कणकवली रस्त्यावर गाडी चालवणाऱ्या माणसाला तो पाऊस दोन मिनिटंही सहन होणार नाही.

मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं ते धुक्याचं. सॅन अँड्रियास मुळात प्लेस्टेशन २ साठी केला होता, आणि त्या मशीनची मेमरी जेमतेम ३२ एमबी. लांबचं सगळं दाखवणं शक्यच नव्हतं, म्हणून करणाऱ्यांनी लांबवर धुरकट पडदा सोडला. त्यातून एक विलक्षण गोष्ट साधली. आंबोली घाटात धुकं उतरलं की दरी किती खोल आहे ते कळत नाही, म्हणूनच ती अथांग वाटते. तसा तो प्रदेश अफाट वाटायचा. एका शहरातून दुसऱ्या शहरात जाताना आपण खरोखर लांबचा प्रवास करतोय असं वाटायचं. नव्या आवृत्तीत मशीन ताकदवान म्हणून धुकं काढून टाकलं, आणि डोंगरावर उभं राहिलं की तिन्ही शहरं हाताच्या अंतरावर दिसू लागली. जी अडचण होती तीच कारागिरांनी कामाला लावली होती, हे नव्यांनी ओळखलं नाही. जुन्या खेळावर काम करणाऱ्याने आधी प्रत्येक गोष्ट तिथे का आहे हे विचारलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

गाण्यांचंही असंच. व्हाइस सिटीत गाडीत बसलं की रेडिओ लागायचा आणि त्या गाण्यांनीच १९८६ सालचं ते शहर उभं राहायचं. गाण्यांचे हक्क ठरावीक वर्षांपुरते घेतलेले असतात. मुदत संपली की पुन्हा पैसे मोजा, नाहीतर गाणं काढा. व्हाइस सिटीतून मायकल जॅक्सनची गाणी गेली, इतरही काही गेली. तुम्हाला गाडीत बसल्याबरोबर पहिलं वाजणारं गाणं आठवत असेल, तर ते आता वाजणार नाही हे आधीच माहीत असू द्या.

या सगळ्यापेक्षा मोठा अन्याय वेगळाच होता. नवा संच आणताना जीटीएच्या मालक रॉकस्टार कंपनीने तिन्ही मूळ खेळ ऑनलाइन दुकानांतून काढून टाकले. म्हणजे बिघडलेलं घ्या, नाहीतर काहीच घेऊ नका. त्यातच पीसीवरच्या नव्या संचाची विक्री चुकीच्या फायली आत राहिल्या म्हणून काही दिवस बंद ठेवावी लागली. खेळणाऱ्यांनी एवढी ओरड केली की कंपनीला माफी मागावी लागली आणि पीसीवर मूळ खेळ परत देण्याचं जाहीर करावं लागलं. पुढे दुरुस्त्या होत गेल्या. नोव्हेंबर २०२४ च्या अपडेटमध्ये जुन्या पद्धतीचा प्रकाश आणि आकाश निवडायची सोय आली, धुकं बऱ्यापैकी परतलं, पाऊसही सुधारला. आजचा संच २०२१ च्या संचापेक्षा खूपच बरा आहे, हे मान्य करायलाच हवं. म्हणून मी ‘कधीच घेऊ नका’ म्हणत नाही. मोठी सूट लागली, रात्री मुलगा झोपल्यावर तुम्हाला एकट्याला त्या समुद्रकाठच्या रस्त्यावरून मोटारसायकल फिरवायची आहे, तर घ्या. पण तो गेम अठरा वर्षांवरच्यांसाठी आहे, आणि त्यात माणसं मारण्याचे, गाड्या चोरण्याचे पैसे मिळतात. सायबर कॅफेत तुम्ही किती वर्षांचे असताना तो खेळलात हा युक्तिवाद दहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत वापरू नका.

ब्लिझार्ड या गेम कंपनीनेही असंच केलं होतं. जानेवारी २०२० मध्ये वॉरक्राफ्ट थ्री रीफोर्ज्ड आणला, जाहिरातीत दाखवलेलं बरंच काही त्यात नव्हतं, आणि ज्यांच्याकडे जुना गेम होता त्यांच्याकडेही नवाच येऊन बसला. लोकांनी पैसे परत मागितले आणि कंपनीला ते द्यावे लागले. पण त्याच कंपनीचा २०२१ चा डायब्लो टू रिझरेक्टेड बघा. खेळता खेळता कीबोर्डवरचं जी दाबलं की क्षणात २००० सालची जुनी चित्रं समोर, परत दाबलं की नवी. २०२० चा कमांड अँड कॉंकर रीमास्टर्ड संचही तसाच, तिथे स्पेस बार. २०२४ मध्ये आलेल्या टूम रेडरच्या पहिल्या तीन भागांतही ही सोय आहे. मी तर कुठल्याही रीमास्टरमध्ये आधी हे बटण शोधते. ज्याला आपल्या कामाची खात्री असते तो मूळ चित्र शेजारी ठेवायला घाबरत नाही. तुम्हीही हीच कसोटी लावा.

आता एज ऑफ एम्पायर्स टू. इथे मला हातचं राखून काही सांगायचंच नाही.

गाव वसवून, सैन्य उभारून लढायचा हा मूळ गेम १९९९ चा, एन्सेम्बल स्टुडिओजचा. तो स्टुडिओ २००९ मध्ये बंद झाला. गेम मात्र लोकांनी सोडला नाही. काही चाहत्यांनी मिळून हौसेने त्यात नव्या संस्कृती घालणारी भर तयार केली, ती इतकी चांगली निघाली की २०१३ च्या एचडी आवृत्तीसाठी मायक्रोसॉफ्टने त्यांनाच अधिकृत काम दिलं. तोच गट, फॉरगॉटन एम्पायर्स, २०१९ च्या डेफिनिटिव्ह एडिशनमागे आहे. वर्षानुवर्षं तो गेम खेळलेली माणसं त्यावर काम करत असल्यामुळे त्यांना कुठे हात लावायचा आणि कुठे अजिबात नाही हे ठाऊक होतं.

शेताचंच घ्या. जुन्या गेममध्ये शेत संपायचं, गावकरी हात बांधून उभा राहायचा, आणि आपण लढाईच्या धांदलीत असताना घरी अन्न संपलेलं असायचं. नव्यात शेत आपोआप पुन्हा पेरलं जाईल अशी सोय आहे. नकाशा जवळ-लांब करता येतो, संगणक फसवणूक न करता चांगला खेळतो, चित्रं मोठ्या पडद्यावर सुरेख दिसतात. पण लाकूड तोडायचा तो आवाज, भिक्षू शत्रूच्या माणसाला आपल्यात ओढतो तो मंत्र, सगळं जागच्या जागी आहे. गप्पांच्या चौकटीत ३० टाइप केलं की अजून ‘वोलोलो’ ऐकू येतं, आणि ‘हाऊ डू यू टर्न धिस ऑन’ लिहिलं की मध्ययुगात मोटारगाडी येते. ही गाडी बघून तुमचे भाऊ एकदम विशीत जातील, याची मला खात्री आहे.

शिवाय गेम अजून वाढतो आहे. २०२२ मध्ये भारतावरची भर आली: बंगाली, द्रविड, गुर्जर अशा वेगळ्या संस्कृती, आणि राजेंद्र चोळ, देवपाल, बाबर यांच्या मोहिमा. ती वेगळी विकत घ्यावी लागते. आत्ता घाई नको, मूळ गेममध्येच कितीतरी महिने पुरेल एवढा ऐवज आहे.

आता कॉन्ट्रा. १९८७ चा आर्केडवरचा, मग आपण टीव्हीवर खेळलो तो, सुपर कॉन्ट्रा आणि पुढचे, असे कोनामी कंपनीने २०१९ मध्ये एका संचात आणले. जपानी आवृत्त्याही त्यात आहेत. पहिल्या जंगलात झाडं वाऱ्याने डोलतात ती जपानी कॉन्ट्रात. अमेरिकी आवृत्तीत ती स्थिर आहेत. वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए, हा तीस जीव मिळवून देणारा क्रम तुमच्या बोटांना अजून आठवत असणार. मुलाला मात्र पहिल्यांदा तीनच जीव द्या म्हणू नका, तीसही त्याला कमी पडतील. हा संच म्हणजे मी वर सांगितलेला पहिला प्रकार, फार मोठं नवं काम नाही. म्हणून सेलमध्ये. याचा मोठा फायदा असा की एकच कॉपी, एक लॅपटॉप, दोन साधे यूएसबी कंट्रोलर, आणि दोघं शेजारी बसून खेळतात. गणपतीत पडवीत जमलेल्या पोरांना आळीपाळीने खेळायला याहून सोपं काही नाही.

लॅपटॉप मोठ्या टीव्हीला जोडाल तेव्हा एक करा: टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ शोधून चालू करा. जुन्या काचेच्या टीव्हीवर बटण दाबल्याबरोबर माणूस उडी मारायचा. आताचे टीव्ही चित्र सुंदर करण्यात क्षणाचा काही भाग घालवतात आणि कॉन्ट्रासारख्या खेळात तेवढ्याने जीव जातो. मग लोक म्हणतात, गेम पूर्वीसारखा राहिला नाही. गेम तोच असतो, टीव्ही उशीर करतो. याच कारणाने टीव्ही गेमबरोबरची जुनी खेळण्यातली बंदूक काढून बदकं मारायचा बेत मात्र सोडा. डक हंटमध्ये चाप ओढला की क्षणभर पडदा काळा व्हायचा आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटायचा; बंदुकीतला डोळा तो उजेड ठरलेल्या क्षणी दिसतो का ते बघायचा. आताच्या टीव्हीवर तो उजेड वेळेवर येत नाही, त्यामुळे नेम कितीही धरलात तरी लागणार नाही.

माळ्यावर जुनी कॅसेट आणि यंत्र सापडलं, तर फुंकर मारून घालू नका. आपण सगळ्यांनी तेच केलंय, पण फुंकरीतला ओलावा तांब्याच्या पट्ट्यांना खातो आणि आपली हवा आधीच खारी. तुमच्या दुकानात काँटॅक्ट क्लीनरचा फवारा असेलच, कापसावर घेऊन हलकेच पुसा.

आता पेन ड्राइव्ह. भावाचा हेतू चांगला आहे, तुमचे पैसे वाचावेत एवढाच. पण क्रॅक केलेला, म्हणजे कुलूप फोडलेला गेम कुणाच्या हातातून आलाय हे त्यालाही माहीत नसतं, आणि तो चालवण्यासाठी ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ अशी सूचना बरोबर येते. ज्या लॅपटॉपवर तुमच्या दुकानाचे हिशोब, बँक, जीएसटी, त्यावर हे करू नका. शिवाय एज टू आज जिवंत आहे तो त्या हौशी माणसांना पगार मिळतोय म्हणून.

यात एक खरी अडचण आहे, आणि तिच्याबाबत मी भावाला पूर्ण दोष देणार नाही. काही गेम कुणी विकतच नाही. १९९६ मध्ये पीसीवर आलेला रोड रॅश आठवतो ना, साखळीने मारामारी करत मोटारसायकली पळवायच्या? आजच्या पीसीसाठी तो कुठल्या अधिकृत दुकानात मिळत नाही. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये पाहणी केली, तेव्हा तिथे २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के बाजारात विकत मिळत नसल्याचं दिसलं. इतका मोठा ठेवा असा पडून आहे, याचा मला राग येतो. तुमच्याकडे कुठल्या गेमची अस्सल सीडी असेल, तर बुरशी चढण्याआधी तिची प्रत हार्ड डिस्कवर उतरवून ठेवा. स्वतःच्या कायदेशीर प्रतीची सुरक्षेसाठी नक्कल ठेवायला आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये मुभा आहे. पण बाजारात ‘हजार गेम एकात’ म्हणून विकणाऱ्याला पैसे देऊ नका. त्यातला एक रुपयाही गेम करणाऱ्याकडे जात नाही.

जुनं जपणं किती नाजूक असतं ते प्रिन्स ऑफ पर्शियावरून कळतं. १९८९ च्या त्या गेमचा मूळ कोड हरवला असंच तो गेम करणारा जॉर्डन मेकनर धरून चालला होता. २०१२ मध्ये त्याच्या वडिलांना घरात जुन्या फ्लॉपींचा खोका सापडला, जाणकारांनी त्या हलक्या हाताने वाचून काढल्या, आणि मेकनरने तो कोड सगळ्यांसाठी खुला केला. याच मालिकेतल्या २००३ च्या सँड्स ऑफ टाइमचा रीमेक करायचं काम युबिसॉफ्ट कंपनीने आपल्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे दिलं होतं. २०२० मध्ये झलक दाखवली, लोकांना चित्रं आवडली नाहीत, आणि २०२२ मध्ये काम माँट्रियलला हलवलं. आपल्या माणसांच्या हातून ते पुरं व्हावं असं मला फार वाटत होतं. तुम्हाला तो गेम खेळायचा असेल तर मूळ २००३ चाच घ्या, अजून छान चालतो आणि स्वस्त मिळतो.

खरेदीचं आता. स्टीमचा उन्हाळी सेल जूनच्या शेवटी लागतो, म्हणजे गणपतीच्या बऱ्याच आधी. तिन्ही गेम आजच विशलिस्टमध्ये टाका, किंमत उतरली की मेल येतो. यूपीआयने पैसे भरता येतात. घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मागता येतात. म्हणून विकत घेतल्या दिवशीच तासभर नीट खेळून बघा, गेम घेऊन तसाच ठेवू नका. परीक्षणं वाचताना एकूण मत न बघता ‘अलीकडची’ निवडा, कारण ट्रिलॉजीसारखे गेम मधल्या काळात बदललेले असतात. तोच गेम जीओजी या दुकानात असेल तर तिथे घ्यायला मी प्राधान्य देईन. २००८ पासून ते जुने गेम आजच्या मशीनवर बसवून विकतात, आणि इन्स्टॉलरची फाइल तुमच्याजवळ कायम ठेवता येते. स्टीमवर तुम्ही वापरायचा परवाना घेत असता, हे ते स्वतःच बिलाआधी लिहितात.

डाउनलोड पावसाची उघडीप बघून लगेच उरकून घ्या. वारा सुटला की लाइट आणि नेट दोन्ही कसं जातं ते तुम्हाला मी सांगायला नको. पंचवीस वर्षांपूर्वी एका सीडीत मावणारा एज टू आता कित्येक जीबींचा झाला आहे, ट्रिलॉजीही तशीच मोठी. एज टू बरोबर जास्त रेखीव चित्रांचा वेगळा फुकट पॅक दिसेल, तो आत्ता उतरवू नका. साध्या लॅपटॉपला तो नसला तरी काही अडत नाही. नंतर स्टीमचा ऑफलाइन मोड एकदा लावून बघा, म्हणजे नेट नसताना एकट्याने खेळता येईल.

सगळ्यात महत्त्वाचं भावांना आजच फोन करून सांगायचं. एज टू एकत्र खेळायला प्रत्येकाच्या खात्यावर स्वतःची कॉपी लागते, तुमच्या एका कॉपीवर चौघं बसू शकत नाहीत. सेलमध्ये चौघांनी आपापली घेतली की कुणावरच भार पडत नाही, आणि पेन ड्राइव्हवाल्या भावाला उत्तरही मिळतं. मुंबईत नेट चांगलं आहे तोवर त्यांनी गेम लॅपटॉपवर उतरवून, एकदा चालू करूनच गाडीत बसावं. निघण्याच्या आठवडाभर आधी चौघं मिळून एक डाव ऑनलाइन खेळून बघा. आवृत्ती जुळत नाही, कुणाचा पासवर्ड आठवत नाही, असल्या गोष्टी तेव्हाच निस्तरतील, आरतीच्या वेळी नाही. आणि मुलाला त्याआधी विल्यम वॉलेसची मोहीम खेळायला द्या. ती शिकण्यासाठीच केलेली आहे, एकेक गोष्ट हळूहळू हातात देते. चारेक संध्याकाळी त्याने ती नेटाने खेळली, तर काकांबरोबरच्या डावात त्याला कुणाच्या तरी बाजूला घ्यायला हरकत नाही.